तळाशी न बसणारी काजळी

आमचं घर मिठागराच्या बांधावर होतं. नायगावच्या खाडीकडच्या बाजूला तेव्हा टॉवर नव्हते. मिठाचे वाफे होते, वाफ्यांच्या मधून मातीचे बांध होते, आणि त्यातल्या एका बांधावर मीठ ठेवायची कुडाची खोली होती. तिला लागून आमची खोली. दोन्ही खोल्यांत फरक एवढाच की मिठाच्या खोलीवरचं छप्पर दर वर्षी नवीन घातलं जायचं. मीठ भिजून चाललं नसतं.

बाबा आणि आई दोघंही मिठागरावर कामाला. हिवाळ्यापासून पाऊस येईपर्यंत काम, मग बंद. पावसाळ्यात बाबा खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायचे आणि आम्ही त्या खायचो. सकाळी चिंबोऱ्या, रात्री चिंबोऱ्या, तांदूळ असला तर त्यासोबत भात, नसला तर नुसत्याच. आई म्हणायची, "चिंबोऱ्या खाऊन कोनी मरत नाय. पन चिंबोऱ्या खाऊन कोनी शिकून मोठा झाला, असापन मी ऐकला नाय."

प्यायचं पाणी गावातल्या विहिरीवरून आणावं लागे. गावातल्या बायकांचं भरून झालं की मग मिठागरवाल्यांचा नंबर. कोणी हाकलत नसे, भांडतही नसे. फक्त थांबावं लागे. आई हंडे लावून थांबायची आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून गृहपाठ करायची. एकदा एका बाईने विचारलं, "मिठागरावरची पोर काय लिहिते गो एवढं?" आई म्हणाली, "तुमचा भरून होयस्तोवर तिचा पुस्तक संपतो. भरा सावकाश."

मी दहावीत असताना मिठागर बंद पडलं. मालकाने काम थांबवलं, कारण आम्हाला कोणी सांगितलं नाही. बाबांना एका गोडाउनवर राखणीचं काम मिळालं आणि आम्ही भाड्याच्या खोलीत आलो. आई घरोघरी मासळी साफ करून द्यायला जाऊ लागली. मी वसईच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजच्या फाटकातून आत गेलेली मी पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी मोठेपणा म्हणूनच सांगते आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मुंबईतल्या एका संस्थेत काही महिने होते. तिथे मला कार्बनच्या नॅनोट्यूब पाण्यात विखुरायचं काम मिळालं. दिसायला ही वस्तू म्हणजे बारीक, हलकी काजळी. पण ती काजळी नसते. त्या नळ्या असतात, डोळ्याला कधीच दिसणार नाहीत इतक्या बारीक, आणि त्यांच्यातून वीज वाहते. अडचण एकच. त्यांना पाणी आवडत नाही आणि एकमेकींचा शेजार फार आवडतो. पाण्यात टाकल्या की त्या जुडग्यांनी चिकटून राहतात आणि तळाशी बसतात. मग पाण्यात सर्फॅक्टंट घालायचं, म्हणजे साबणाच्या जातीचा पदार्थ. त्याच्या रेणूचं एक टोक तेलकट, एक टोक पाण्याचं. तेलकट टोक नळीला धरतं, दुसरं पाण्यात राहतं. सोनिकेटर नावाच्या यंत्राची धातूची कांडी पाण्यात बुडवून ध्वनिलहरींनी जुडगी फोडायची, आणि नळ्या सुट्या झाल्या की पुन्हा चिकटायच्या आत सर्फॅक्टंटने त्यांना गुंडाळायचं. नीट जमलं तर शाईसारखं एकजीव काळं पाणी मिळतं. ते तसंच उभं राहतं, महिनोन्‌महिने.

नोकरी मिळाली ती वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. शेठ गुजराती, वयाने बाबांएवढे, आणि त्यांचा धंदा फिनेलचा, भांडी घासायच्या लिक्विडचा, हात धुवायच्या साबणाचा. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी नॅनोट्यूबबद्दल ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात बसलं की साबणाचं सगळं सामान आपल्याकडे आहेच, तर हेही करू. जुनं सोनिकेटर आणलं, परदेशी पावडरीचा डबा आणला आणि मला आणलं. पालघरकडची एक कंपनी इलेक्ट्रॉनिक वस्तू ठेवायचे प्लास्टिकचे ट्रे बनवायची. अशा ट्रेवर स्थिर वीज साठून चालत नाही, म्हणून त्यांना वीज वाहून नेणारा पातळ काळा थर हवा होता. आमचं पाणी त्यासाठी.

शेठनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मी घुमवून बोलत नाही. ट्रेवाल्या पार्टीने माल पास केला, तर ही लाइन चालू. नापास केला तर मशीन विकून टाकणार. आणि मशीन गेलं तर मग तुला इथे बसवून मी काय करू? फिनेल तर मी पण बनवतो."

मला हे बोलणं आवडलं. घरी कोणी माझ्याशी यापेक्षा गोड बोललेलं नव्हतं.

काम संथ होतं. मास्क लावून, पंखा बंद करून पावडर तोलायची, कारण श्वासानेसुद्धा ती उडते आणि फुफ्फुसात जायला नको. मग सर्फॅक्टंटचं पाणी, मग सोनिकेटर. त्याची किंचाळी अशी की शेजारच्या गाळ्यातला खिळे बनवणारा, ज्याच्या मशीनने आमच्या भिंती हलायच्या, तो येऊन विचारायचा, "डुक्कर कापता काय रे?" कांडीने पाणी तापतं, म्हणून चंचुपात्र बर्फात ठेवावं लागे. बर्फ मी नायगावच्या मासळीवाल्यांकडून आणायची. दुसरीकडे कुठे पहाटे पहाटे बर्फ मिळतो? शेठ शाकाहारी. ते नाकाला रुमाल लावून उभे राहायचे.

"मॅडम, ह्या बर्फाला पापलेटचा वास येतो."

"बोंबलाचा आहे, शेठ. पापलेट परवडत नाही."

"अरे, पार्टीला समजेल!"

"बर्फ बाहेर असतो, माल आत."

"बाहेर असून पण माझी भूक मेली ना."

पहिला नमुना तयार झाला. गाळणीच्या कागदावर थेंब टाकला तर एकसारखा काळा डाग पसरला, मध्ये एकही कण नाही. काचेच्या बाटलीत दोन आठवडे उभा ठेवला, तळाशी काही बसलं नाही. मग त्याच प्रमाणात मी एक ड्रम करून ठेवला आणि नमुना पालघरला देऊन आले. तिथल्या प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन आला. वीज हवी तेवढी वाहते, पण माल फार पातळ आहे, उभ्या कडेवर ठरत नाही, ओघळतो. जरा दाट करून एक ड्रम पाठवा, आठवड्याने आमच्या लाइनवर ट्रायल घेऊ, त्यानंतर वेळ नाही.

हा फोन आला तेव्हा मी कामावर नव्हते. माझ्या चुलतबहिणीची हळद होती. आमच्याकडे हळदीला घरच्या पोरीने नुसतं येऊन जेवून गेलेलं चालत नाही. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत असते तोवर बसावं लागतं, आणि धवलारणीला घाई नसते. शिवाय शिकलेल्या पोरीवर सगळ्यांचा डोळा. आत्या म्हणाली, "हिला उठू देऊ नका गो. ही कंपनीत जाऊन काळा पानी ढवळते. हितं पिवळी होऊ दे." मी पिवळी झाले.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आले तर शेठ खूश.

"मॅडम, तू नव्हती, काम थांबलं नाही. पार्टी बोलली पातळ आहे. मी जाडा करून ठेवला. पूर्ण ड्रम."

"काय घातलंत?"

"काय घालणार? मीठ."

साबणाच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, यात काहीही वेडेपणा नव्हता. भांड्यांचं लिक्विड पातळ झालं की त्यात मीठ घालतात. चिमूट चिमूट घालत ढवळायचं, ते मधासारखं दाट होतं. शेठनी आयुष्यभर तेच केलं होतं आणि फार चांगलं केलं होतं. मिठाची गोणी मिक्सरच्या शेजारीच असायची, हात जातो तिथे. नवीन मालही सर्फॅक्टंटचाच, मग नियम वेगळा कशाला असेल?

मी ड्रमचं झाकण उघडलं. वर स्वच्छ पाणी होतं, इतकं की माझा चेहरा दिसला, कानामागे हळद राहिलेला. काठी घालून बघितली. खाली काळा गाळ, दह्यासारखा फुटलेला.

शेठ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "रात्री तर चांगला होता."

"फुटला."

"परत मशीन लाव. परत होईल."

मी लावलं. पुन्हा काळं झालं, आणि जेवणाचा डबा संपेपर्यंत पुन्हा फुटलं. मीठ पाण्यात गेलं ते गेलं, ते ध्वनिलहरींनी बाहेर येत नाही.

शेठना मी कागदावर काढून दाखवलं. आपण वापरलेलं सर्फॅक्टंट ऋण भाराचं आहे. ते नळीभोवती बसलं की प्रत्येक नळीवर तोच भार येतो आणि नळ्या एकमेकींना लांब ढकलतात. एवढ्या ढकलण्यावरच सगळा माल उभा असतो. पाण्यात मीठ आलं की हे ढकलणं लांबवर पोहोचत नाही. नळ्या जवळ येतात आणि एकदा जवळ आल्या की सोडत नाहीत.

शेठनी कागद बराच वेळ बघितला. "म्हणजे साबणात मीठ दोस्त आणि ह्याच्यात दुश्मन."

"हो."

"तू आधी सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही विचारायला पाहिजे होतं."

"विचारणार कोणाला? तू तर नाचत होती."

"बसले होते, शेठ. आमच्यात हळदीला बसावं लागतं."

ते हसले नाहीत. पावडरीचा डबा हलवून बघितला. पावडर एका ड्रमपुरतीच उरली होती आणि दुसरा डबा परदेशातून येईपर्यंत ट्रायलची तारीख थांबणार नव्हती. "एकदाच आता," ते म्हणाले. "मशीनला गिऱ्हाईक तर मी बघून ठेवलंय, खोटं कशाला बोलू."

घरी मी हे जेवताना सांगितलं. बाबांना माझं काम नीट कळलं होतं असं मी म्हणणार नाही. पण मिठाचं नाव निघालं तसं त्यांनी ताटातून मान वर केली.

"शेटनं मीठ टाकला?"

"हो."

"गोनीतला? फुकट?" ते हसायला लागले. "आमच्या मिठाला कोन इचारत नव्हता, म्हनून मिठागर बंद केला. न हितं एक मूठ टाकला तर पोरीची नोकरी जाते. भारी चीज हाय मग ती."

"हसू नका. खरंच जाईल," आई म्हणाली.

"जाईल तर जाईल. चिंबोऱ्या हायत."

"तुम्ही खा चिंबोऱ्या. माझी पोर आता नाय खानार."

मी जेवून उठले.

सोपा मार्ग माझ्यासमोर होता. तेच सर्फॅक्टंट, शुद्ध पाणी, मिठाऐवजी दाटपणासाठी सेल्युलोजची पावडर. ट्रायलपुरतं ते चाललं असतं. पण मी पालघरच्या त्या कंपनीत एकदा नमुना द्यायला गेले होते आणि त्यांच्या नळाचं पाणी प्यायले होते. बोअरचं पाणी. मचूळ, म्हणजे त्यातही मीठ. त्यांचे कामगार कोटिंग दाट वाटलं की नळाखाली बादली धरणार, ब्रश नळाखाली धुणार. आमच्या मालावर शुद्ध पाण्याची अट लिहून पाठवली असती तर ती वाचायला तिथे कोण बसलं होतं? आमच्या स्वतःच्या गाळ्यातसुद्धा मिठाची गोणी मिक्सरजवळ होती, आणि शेठचा हात उद्या विसरला असता. मिठापासून लपून राहणारा माल त्या जागी टिकला नसता. मीठ पडलं तरी न फुटणारा माल हवा होता.

मग मी भार नसलेलं सर्फॅक्टंट घ्यायचं ठरवलं. त्याच्या रेणूची पाण्याकडची बाजू लांब शेपटीसारखी असते. अशा शेपट्या नळीवर दाट बसल्या की दोन नळ्या एकमेकींच्या अंगाला लागूच शकत नाहीत, जसे दोन केसाळ सुरवंट पोटाशी चिकटू शकत नाहीत. इथे ढकलणं भाराचं नाही, त्या केसांचं. मिठाला त्यात फारसं काही करता येत नाही.

पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ही सर्फॅक्टंट तापली की गढूळ होतात, म्हणून बर्फ दुप्पट लागला. जास्त घातलं की सुकलेल्या थरात नळ्यांच्या मध्ये तेच भरून राहतं आणि वीज अडते. कमी घातलं की शेपट्या विरळ आणि माल फुटतो. पावडर वाया घालवायची नव्हती, म्हणून मी बोटाएवढ्या बाटल्यांत चिमूटभर माल करून बघत होते, आणि प्रत्येक बाटलीत स्वतःच्या हाताने मीठ घालत होते.

शेठ येऊन उभे राहिले. "मॅडम, मी टाकलं तर बोंब मारली. आता तूच टाकतेस."

"तुम्ही आधी विचारलं नव्हतंत. मी विचारून टाकते."

"कोणाला विचारून?"

"बाटलीला."

"काय बोलते बाटली?"

"अजून फुटतेय."

बहुतेक बाटल्या फुटल्या. काही लगेच, काही जेवणानंतर. ज्या फुटल्या त्यांच्या तोंडाला मी काळी पट्टी लावून फळीवर ठेवत गेले. मिक्सरवर काम करणारी माणसं जाता-येता बघायची आणि म्हणायची, "आज कोण गेलं?" शेवटी तीन बाटल्या पट्टीविना राहिल्या. त्यातल्या दोन बाटल्यांतल्या मालाचा थर काचेवर सुकवून मीटर लावला तर वीज पुरेशी वाहत नव्हती. तिसरीत वाहत होती. तिच्यात मी वालीवच्या टँकरचं पाणी घातलं, मग खाडीचं पाणी थोडं घातलं, जे बाबांनी बाटलीत भरून आणलं होतं आणि देताना विचारलं होतं, "एवढा पुरे, का आनखी आनू? खाडी भरलेली हाय." बाटली काळीच राहिली. टॉर्च मागून धरून बघितलं, कण दिसले नाहीत.

त्या प्रमाणात ड्रम केला. सगळी उरलेली पावडर त्यात गेली. थोडं थोडं करून सोनिकेटरखाली घालायचं, थंड करायचं, काढायचं. शेवटी सेल्युलोजची पावडर घालून दाट केला. शेठनी त्या दिवसांत मिठाची गोणी उचलून गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मी सांगितलं, "राहू द्या तिथेच. हा फुटणार नाही."

"तरी पण," ते म्हणाले. "मला बघवत नाही."

ट्रायलला आम्ही दोघं टेम्पोतून ड्रमबरोबर गेलो. मॅनेजर माझ्यापेक्षा थोडे मोठे, घाईतले. त्यांनी झाकण उघडून काठी फिरवली आणि म्हणाले, "आता उलटं झालं. आता फार दाट आहे." आणि मला बोलायची संधी मिळायच्या आत त्यांच्या एका कामगाराने बादली नळाखाली धरून ड्रममध्ये ओतली.

शेठनी माझा दंड पकडला. त्यांना भान नव्हतं. मी म्हणाले, "ओतू द्या."

कामगाराने ढवळलं. मॅनेजर म्हणाले, "हं, आता बरोबर." मी त्यातला थेंब गाळणीच्या कागदावर टाकला. डाग एकसारखा पसरला. ट्रे लाइनवर चढले, कोटिंग झालं, ते गरम हवेतून सुकून बाहेर आले. उभ्या कडांवर ओघळ नव्हता. मॅनेजरनी मीटरचे दोन पाय ट्रेवर टेकवले, आकडा बघितला, ट्रे फिरवून दुसऱ्या बाजूला टेकवले. मग आणखी एक ट्रे घेतला.

"मॅडम, हा माल किती दिवस टिकतो?"

"तुम्ही किती दिवस ठेवणार?"

"महिनाभर तरी. आमचं पाणी खराब आहे, आधीच सांगतो. तुमच्या आधीच्या दोन कंपन्यांचा माल आमच्याकडे येऊन फुटला."

हे त्यांनी आधी आम्हाला सांगितलं नव्हतं. शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी मॅनेजरकडे बघून म्हणाले, "ओतलेला ड्रम तसाच ठेवा. महिन्याने उघडा आणि मग बोला."

ते हसले. "फार भरवसा आहे."

"करून बघितलंय," मी म्हणाले.

परतताना शेठ टेम्पोत माझ्या शेजारी बसले. विरार फाट्याच्या आसपास म्हणाले, "मी तिकडे मधेच बोललो नाही, बरं केलं ना?"

"बरं केलंत."

"बोलणार होतो. बोलणार होतो की मॅडम नवीन आहे."

"मग?"

"मग पाणी ओतलं त्याने. आवाजच गेला माझा."

महिन्याने मॅनेजरनी ड्रम उघडला. तळाशी काही नव्हतं. त्यांनी नियमित माल मागवला आणि शेठनी मशीनच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. मला कायम केलं. नंतर आणखी दोन कंपन्यांनी तोच माल घेतला, कारण त्यांच्याकडेही बोअरचंच पाणी होतं. आज त्या गाळ्यातला एक भाग फक्त ह्या कामाचा आहे. तिथे तीन माणसं काम करतात आणि ती माझ्या हाताखाली आहेत. नॅनोट्यूब पाण्यात विखुरून, कसल्याही पाण्यात न फुटता उभ्या ठेवायची ती कृती मी तयार केली आहे, आणि ती चालते.